नख दाबणारे घरमालक

घर भाड्यानं देताना लोक आधार कार्ड मागतात, नोकरी कुठे ते विचारतात, पाहुण्यांचा राबता किती ते आडून आडून काढून घेतात. आमच्या घरमालकांनी माझा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याचं नख करकचून दाबलं, सोडलं, आणि चष्मा कपाळावर चढवून त्या नखाकडे असे बघत राहिले, की आता हे माझं परदेशगमन सांगणार असं मला वाटलं. नखाखाली पांढराफटक डाग पडला होता. तो सावकाश गुलाबी झाला.

"लाली यायला वेळ लागतोय," ते म्हणाले. "पोट कधीपासून?"

"लग्नापासून," मी म्हणालो.

"लग्नाआधीपासून," बायको म्हणाली. "मला जो फोटो दाखवला होता, त्यात श्वास आत ओढून धरला होता. तो लग्नानंतर सोडला."

"राहा," ते म्हणाले. "वरचा मजला तुमचा. जिना रोज चढायचा. अस्तराला चांगला."

जुन्या पनवेलमधल्या त्या दोन मजली घराचा वरचा मजला आम्हाला असा मिळाला. माझ्या नोकरीकडे बघून नव्हे, पोटाकडे बघून. माझ्या पोटानं संसाराला लावलेला तो एकमेव हातभार, असं बायको अजून पाहुण्यांना सांगते.

त्यांना सगळी आळी 'सर' म्हणायची, म्हणून आम्हीही सरच म्हणू लागलो. कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाच गोष्टीवर संशोधन केलं होतं: रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर. त्यात लग्न राहून गेलं. आता घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती.

सरांना नमस्कार करायची सोय नव्हती. हात जोडले की ते त्यातला एक सोडवून घेत आणि नख दाबत. आळीतली जुनी माणसं त्यांना लांबून बघताच दोन्ही हात खिशात घालत. नवा माणूस सापडायचा. कुरिअरवाला सही घ्यायला आला, की पार्सल राहायचं बाजूला आणि त्याच्या अंगठ्याची तपासणी व्हायची. उरणकडून एक मावशी मासे घेऊन दारावर यायच्या. पापलेटाचा भाव ठरत असताना सरांनी एकदा त्यांचंच बोट धरलं.

"ओ सर, म्हावरा बगा म्हावरा!" मावशी ओरडल्या. "माजी नखा काय बगताव? आमी काय शिल्या हाव का?"

"मावशी, मासा ताजा आहे का ते तुम्ही कल्ले उघडून दाखवता ना? लाल असले की ताजा. माझंही तसंच."

"मंग पापलेटाचा कल्ला बगा. माजा सोरा."

सरांनी हात सोडला, पण जाता जाता म्हणाले, "तुमचं अस्तर उत्तम आहे, मावशी." मावशींना ते काय कळलं कोण जाणे, पण त्या दिवशी त्यांनी दोन बोंबील वर घातले.

हे अस्तर म्हणजे काय, ते मला सरांनी आक्कांच्या स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. आक्का अजून पितळेच्या पातेल्यात आमटी करायच्या. सरांनी ओट्यावरचं रिकामं पातेलं उचलून माझ्या नाकाखाली धरलं.

"आत काय दिसतं?"

"कल्हई."

"ती गेली तर?"

"आमटी कळकते."

"बाहेरून पातेल्याकडे बघून कळेल, कल्हई गेली ते?"

"नाही."

"झालं तर मग. रक्तवाहिनी म्हणजे हे पातेलं. आत कल्हईसारखं पातळ, जिवंत अस्तर. ते धड असेल तर गुळगुळीत असतं, कशालाच चिकटू देत नाही, नळीला हवं तेव्हा सैल करतं. साखर वाढली, पोट सुटलं, की ते खडबडीत होतं, चिकट होतं. माणूस बाहेरून ठणठणीत. घासून चकचकीत. तुमच्यासारखा."

मी पोट आत ओढलं.

"आता पातेल्यात डोकावायची सोय नाही असं समजा. काय कराल? आमटी बघाल. अस्तर बिघडायला लागलं की त्यातून काही रेणू सुटून रक्तात उतरतात. आमटीत ते सापडले, की पातेल्याचं काय चाललंय ते कळलं. याला बायोमार्कर म्हणतात. पण तो शब्द अनुदान मागताना वापरायचा. घरात खुणा म्हणायचं."

"आणि नख दाबून काय कळतं?"

सर जरासे ओशाळले. "तसं फारसं काही नाही. पण लोक रक्त देत नाहीत हो. बोट तरी देतात."

"पातेलं खाली ठेव," आक्का म्हणाल्या. "आणि ज्याला त्याला माझ्या आमटीत रेणू दाखवू नकोस. बायका जेवायला यायच्या बंद झाल्यात."

सरांची पंचाईत ही होती, की सगळ्या आळीच्या अस्तराची काळजी करणाऱ्या या माणसाला सख्ख्या बहिणीच्या रक्ताचा एक थेंब मिळत नव्हता. आक्कांनी आयुष्यात कसलीच तपासणी केली नव्हती. "मला काही होत नाही" हे त्यांचं वाक्य होतं, आणि त्या ते शाळेची घंटा दिल्यासारखं म्हणायच्या. त्यावर वर्ग सुटायचा.

त्या वर्षी गणपतीत आरास मांडताना आक्कांच्या पायाच्या अंगठ्याला पाटाचा कोपरा लागला. एवढंसं खरचटलं. आक्कांनी हळद लावली. गौरी गेल्या, पितृपक्ष संपला, दसऱ्याचं सोनं वाटून झालं, तरी अंगठा भरेना. मग एके दिवशी आक्का घरात मोजे घालून फिरायला लागल्या.

"ऑक्टोबरात पनवेलला मोजे कोण घालतं?" सर मला जिन्यात अडवून म्हणाले. "खाडीवरून वारा नाही, अंगाचं पाणी होतंय, आणि ही लोकरीचे मोजे घालून पोळ्या लाटतेय!" त्यांनी माझं मनगट धरलं होतं, पण नख दाबायचं विसरले होते. ते घाबरलेत, हे मला त्यावरून कळलं.

डॉक्टरांना घरी बोलावून झालं. डॉक्टर म्हणाले, पाय दाखवा. आक्कांनी दाखवला. डॉक्टर म्हणाले, छान आहे की. ते गेल्यावर सरांच्या लक्षात आलं की आक्कांनी दुसरा पाय दाखवला होता.

मग ज्येष्ठ नागरिकांच्या फुकट आरोग्य शिबिराला न्यायचा घाट घातला. तिथे भजन आहे असं सांगितलं. आक्का गेल्या, टेबलं आणि सुया बघितल्या, आणि रांगेत ढकलाढकली करणाऱ्या म्हाताऱ्यांना दम भरून त्यांनी ओळीत उभं केलं. शिबिरवाल्यांनी शेवटी त्यांचा शाल देऊन सत्कार केला. सगळ्या पनवेलचं रक्त गोळा झालं. आक्कांचं राहिलं.

पण आक्कांचा खरा बालेकिल्ला म्हणजे सकाळचा चहा आणि दोन खारी. त्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठायच्या. सर जागे होऊन "आक्का, आज एक नळी—" म्हणेपर्यंत स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "उपाशी पोटी लागतं ना? मी खाऊन बसलेय."

"पण सर," माझी बायको एकदा म्हणाली, "तीन महिन्यांची सरासरी साखर बघतात, तिला कुठे उपाशी राहावं लागतं?"

"अहो, मी शिकवलंय ते! पण तिला हे कळलं तर ती दुसरी सबब काढेल. ही निदान मला पाठ आहे. शिवाय मला अस्तराच्या खुणाही बघायच्यात. खाऊन उठल्यावर अस्तराची तऱ्हा बराच वेळ बदललेली असते. ते मला झोपेतून उठल्यासारखं हवंय."

हे बोलणं आमच्या स्वयंपाकघरात चाललं होतं. सर रोज सकाळी गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला वर येत. टाकी भरली असली तरी येत. टाकीला जायची वाट आमच्या दारावरून होती, आणि आमचा चहा त्याच वेळी होत असे. एवढंच सांगतो.

दिवाळीच्या आधी सर एकदा टाकी बघायला आले ते उड्या मारतच.

"सापडली! वर्षातली एक सकाळ सापडली! भाऊबीज! मला ओवाळल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही. लहानपणापासूनचा नेम आहे. त्या दिवशी ती आपणहून उपाशी!"

"आक्कांच्या नेमाचा फायदा घेणार तुम्ही?" बायको म्हणाली.

"घेणार. दुसऱ्या कुठल्या कामाला येत नाहीये तो." मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही दोघं खाली या हं त्या दिवशी. माणसं असली की ती मला मारत नाही."

लॅबमधल्या ताईंना घरी बोलावायचं ठरलं. त्या आमच्याकडे आलेल्या पाहुण्या, असं दाखवायचं. साखरेचं काम त्या करणार, आणि एक नळी बर्फात घालून सरांच्या जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत जाणार. ती अस्तराच्या खुणा बघणार.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही खाली गेलो. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, सर टोपी घालून पूर्वेकडे तोंड करून बसलेले. आक्का नवं लुगडं नेसलेल्या, आणि खाली मोजे. लॅबवाल्या ताई पिशवी पोटाशी धरून दाराशी टेकल्या होत्या आणि माझ्या कानात पुटपुटत होत्या, "दादा, जरा लवकर करा ना. मला पण जासईला भावाकडे जायचंय, तो पण उपाशी बसलाय."

आक्कांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. मग ताम्हण पुढे धरलं. सरांनी खिशात हात घातला आणि ताम्हणात ओवाळणी टाकली. जांभळ्या बुचाची रिकामी काचेची नळी.

निरांजनाची वात तेवढी तडतडली.

"दरवर्षी मी देतो," सर म्हणाले. "यंदा तू दे. ही भरून दे."

आक्कांनी नळीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. "म्हणजे ही तुमची पाहुणी नव्हे?"

बायको छताकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघायला लागलो, कारण नवरा या नात्यानं तेवढंच सुरक्षित होतं.

"अरे," आक्का सरांना म्हणाल्या, "तूच मागे टीव्हीसमोर बसून ओरडत होतास ना, की या खुणा एका माणसाला निकाल देत नाहीत? खूप माणसं घेतली तरच त्यातून काही निघतं, एकट्या-दुकट्यावरून बोलू नये, असं?"

"हो. ते बरोबरच आहे."

"मग माझी एकटीची नळी कशाला?"

सरांनी व्याख्यानाच्या तयारीनं एक बोट वर केलं. तोंड उघडलं. आणि ते बोट हळूहळू खाली आलं.

"आईलाही काही होत नव्हतं," ते म्हणाले. "आदल्या दिवशी तिनं कुरडया घातल्या होत्या. मी वर्गात होतो तेव्हा निरोप आला." त्यांनी ताम्हणातल्या नळीकडे बघितलं. "गर्दीचं मला काय करायचंय, आक्का."

आक्का ताम्हण धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते पाटाशेजारी टेकवलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आधी तू दे."

सरांचा चेहरा, कसा सांगू, नख दाबल्यावर होतो तसा झाला. आणि त्याची लाली लवकर परत येईना.

"मी? नको, संशोधकानं आपला नमुना आपणच घेऊ नये. निःपक्षपातीपणा जातो."

"तू कुठे घेतोयस? ही घेईल."

"शिवाय मी... मी उपाशी नाही. माझा चहा झालाय."

"चहा? घरात तर मी अजून गॅस पेटवला नाही."

सरांची नजर आपोआप छताकडे गेली. माझ्या बायकोची आधीच तिकडे होती. दोघांची तिथे गाठ पडली.

"टाकी," आक्का म्हणाल्या. मुख्याध्यापिकेला चोर सापडला की ती ओरडत नाही. "आणि साखर किती घालता त्यात?"

"नेहमीचीच," बायको म्हणाली आणि जीभ चावली.

"नेहमीची!"

आणि मग आक्का हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "इतक्या माणसांचं रक्त काढवलं यानं! आणि लहानपणी देवीची लस टोचायला आले की हा माळ्यावर जाऊन बसायचा. मी पाय धरून खाली ओढायची. बाळ, तू अजून माळ्यावरच आहेस की रे!"

सर टोपी सारखी करत बसले.

आक्कांनी डोळे पुसले, पोलक्याची बाही वर सारली आणि हात ताईंच्या समोर टाकला. "घे. आज माझी, उद्या याची. आणि उद्यापासून टाकी मी बघेन."

सुई शिरली तेव्हा आक्का तिच्याकडे टक लावून बघत होत्या. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. नळी भरली. ताईंनी बूच लावून ती पुन्हा ताम्हणात ठेवली, आणि सरांनी ती दोन्ही हातांनी उचलली.

"आता हे पण बघून टाक," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी मोजा काढला.

दुसऱ्या दिवशी ताई जासईहून आणलेल्या करंज्यांचा डबा घेऊन परत आल्या. सरांनी आधाराला माझा हात मागितला. मी दिला. सुई टोचेपर्यंत त्यांनी तो असा आवळला होता, की माझी सगळी बोटं पांढरी पडली. "आजोबा, झालं सुद्धा!" ताई म्हणाल्या. सरांनी डोळे उघडले, नळीतलं स्वतःचं रक्त पाहिलं, आणि पुन्हा मिटले. त्यानंतर त्यांना बराच वेळ पाटावरच आडवं ठेवावं लागलं. मी संधी साधून दूध उतू जातंय म्हणून वर पळालो. ताईंनी मला जिन्यावर गाठून माझीही नळी भरून घेतली. बायकोनं वर आधीच दार लावून घेतलं होतं.

आक्कांची साखर भलतीच निघाली. डॉक्टरांनी या वेळी पाय स्वतः निवडला. "आणखी थोडं थांबला असतात तर अंगठा गेला असता," ते म्हणाले. औषधं सुरू झाली, रोज ड्रेसिंग सुरू झालं, खारी बंद झाली. त्यावर दोन दिवस अबोला झाला, तो आक्कांनी कोणाशी धरलाय तेच कळेना, बहुधा खारीशी. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्या अनवाणी जिना चढून वर आल्या. अंगठ्यावर कोवळी गुलाबी कातडी आली होती. "टाकी बघायला आले," त्या म्हणाल्या, आणि आमच्या साखरेच्या डब्यात डोकावून गेल्या.

अस्तराच्या खुणांचा अहवाल उशिरा आला. मी नुकताच ऑफिसातून येऊन पहिल्या पायरीवर दम खात उभा होतो, तेवढ्यात सर दारातून धावतच बाहेर आले. हातात कागद, पायात वेगवेगळ्या चपला.

"वाईट आलाय!" ते आनंदानं ओरडले. "माझा! आक्कापेक्षा वाईट! साखर बघा, अजून काठावर. कोणताही डॉक्टर म्हणाला असता, जा घरी. आणि खुणा? आधीच वर गेल्यात! पातेलं चकचकीत, आणि आतून कल्हई खरवडली गेलेली. हेच! हेच मी आयुष्यभर सांगत होतो, साखर बोंब मारेल तेव्हा मारेल, त्याआधी अस्तर कुजबुजत असतं!"

"पण सर, तुमचीच—"

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "पण माणूस आनंद तरी करू शकतो!" आणि आळीच्या तोंडाशी असलेल्या मिठाईच्या दुकानाकडे ते तसेच निघाले.

स्वतःच्या बिघडलेल्या रक्तवाहिन्यांचे पेढे वाटणारा तो पहिलाच माणूस असावा. आळीतली दोन घरं झाली. तिसरं आमचं. मी पेढा उचलला, तेवढ्यात सरांच्या मागून आक्कांचा हात आला आणि त्यांनी खोका उचलून काखेत घेतला. मग माझ्या बोटांतला पेढा काढून घेऊन तोही खोक्यात परत ठेवला.

"याचाही अहवाल मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आळीत एक दृश्य दिसायला लागलं. पुढे आक्का नव्या चपला घालून झपाझप, मागे सर. वाटेत कोणी भेटलं आणि सरांनी त्याचा हात धरला, की आक्का मागे न बघता म्हणायच्या, "चालताना थांबायचं नाही." त्यांनी एकदा सरांना कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यातही नेलं. सर अर्ध्या चढावर बसले आणि त्यांनी पक्ष्यांऐवजी येणाऱ्या-जाणाऱ्यांची पोटं बघितली.

पुढे खारघरला आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि आम्ही ते घर सोडलं. आता आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. जिना आहे म्हणतात, मी पाहिलेला नाही. पण भाऊबीजेला माझी बहीण संध्याकाळी येते, म्हणून सकाळी आम्ही पनवेलला जातो. तसा हुकूमच आहे, आणि उपाशी पोटी यायचं.

गेल्या भाऊबीजेलाही गेलो होतो. ओवाळणं झालं. ताम्हणात दोन नळ्या होत्या, माझी ताईंच्या पिशवीत. लॅबवाल्या ताईंनी आता भावालाच जासईहून पनवेलला बोलावून घेतलंय. तो बाहेर गाडीवर बसून जांभया देत होता. आक्कांनी आपला हात पुढे केला, रक्त दिलं, संपलं. मग सरांची पाळी आली.

सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि एक हात ताईंना दिला. दुसरा हात त्यांनी मागे, न बघता, चाचपडत नेला. आक्कांनी आपला हात त्यात ठेवला. सुई आत गेली तसं सरांनी आक्कांच्या अंगठ्याचं नख सगळं बळ लावून दाबलं. आक्कांनी हूं की चूं केलं नाही. सुई निघाल्यावर सरांनी पकड सोडली, एक डोळा उघडला, आणि आपल्या दंडाकडे न बघता त्या पांढऱ्या पडलेल्या नखाकडे बघत राहिले.

"आली," ते म्हणाले. "आली ग, आक्का."

"येणारच," आक्का म्हणाल्या. "आता माझा हात सोड. चहा टाकते. बिनसाखरेचा."